किरण निघून गेल्यावर : फुफ्फुसदाहाची शंभर वर्षे

(राहाता येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा दवाखान्याचा विषय कशाला घेतला?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे तो पीएचडीचा. तपासायला माझ्याकडे कुणी येऊ नये आणि आज मी औषधही सांगणार नाही. पण कारण म्हणजे काय, कार्य म्हणजे काय, या दोहोंमध्ये वेळ गेला तर त्यांचा संबंध कसा ओळखायचा, हे मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. आणि या एका प्रश्नावर मी माझ्या घरात नापास झालो. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी इतिहास.

फुफ्फुसात गाठ झाली की तिच्यावर किरणांचा उपचार करतात, हे आता आपल्या तालुक्यात कुणाला नवीन नाही. दवाखान्यात त्याला रेडिएशन म्हणतात. गावात कुणी 'लाईट दिली' म्हणतं, कुणी 'शेक दिला' म्हणतं. शेक हा शब्द मोठा फसवा आहे, बरं का. शेक म्हणजे गुडघ्याला गरम पिशवी लावतो तो. पिशवी काढली, ऊब गेली, संपलं. किरणांचं तसं नाही. यंत्र बंद झाल्यावर अंगात किरण उरत नाही हे खरं, पण त्यानं सुरू केलेलं काम चालू राहतं. उपचार संपल्यावर एक ते सहा महिन्यांच्या आत काही रुग्णांच्या फुफ्फुसाला सूज येते. कोरडा खोकला, चालताना धाप, कधी बारीक ताप. याला वैद्यकात न्यूमोनायटिस म्हणतात. न्यूमोनियात बहुधा जंतू असतो, इथे जंतू नसतो. म्हणून जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही. सूज ओसरल्यावर, किंवा न ओसरताही, त्या जागी पुढे वर्षभरात वण धरतो आणि फुफ्फुस तेवढ्यापुरतं घट्ट होतं.

आता बघा, हे माणसाला कळलं कधी?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबुर्ग गावी राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. वर्ष उलटायच्या आत लोकांनी ते गाठींवर वापरून पाहायला सुरुवात केली. त्यांची इजाही लगेच दिसली, कारण ती कातडीवर होती. हात भाजले, केस गळले, जखमा चिघळल्या. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांवर काम करणारे क्लॅरन्स डॅली १९०४ साली त्यातच गेले, आणि एडिसननं ते काम सोडून दिलं. बेकरेल यांनी रेडियमची नळी खिशात ठेवली आणि पोटावर चट्टा उठला. म्हणजे किरण भाजतो हे पाच-दहा वर्षांत सगळ्यांना ठाऊक झालं. जे डोळ्यांना दिसतं आणि लवकर दिसतं, ते माणूस लवकर शिकतो.

फुफ्फुसाचं तसं नव्हतं. १८९८ सालीच फ्रान्समध्ये बेर्गोनिए आणि तेसिए यांनी किरणांचा फुफ्फुसावर परिणाम होतो असं नोंदवलं होतं. पण ती नोंद नुसती पडून राहिली. पुढं पहिल्या महायुद्धानंतर जास्त दाबाची यंत्रं आली आणि किरण छातीच्या आत खोल पोचू लागले. तेव्हा १९२२ साली अमेरिकेत ग्रूव्हर, क्रिस्टी आणि मेरिट यांनी उपचार घेतलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसातले बदल नोंदवले. १९२५ साली डेट्रॉइटच्या इव्हान्स आणि ल्यूकुशिया यांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी सांगितलं की या एका आजारात दोन वेगवेगळ्या अवस्था आहेत : आधी येणारी सूज, जी उतरू शकते, आणि नंतर येणारा वण, जो उतरत नाही. शंभर वर्षं झाली, ही विभागणी अजून टिकून आहे.

यात अनेक रुग्ण स्तनाच्या कर्करोगाचे होते, फुफ्फुसाच्या नव्हे. उपचार छातीच्या वरच्या भागावर होता. खाली असलेलं निरोगी फुफ्फुस वाटेत आलं. स्तनाचा उपचार केला आणि तीन महिन्यांनी खोकला आला, तर त्या बाईच्या किंवा तिच्या डॉक्टरच्या मनात दोन्हींचा संबंध का यावा? त्यात तो काळ क्षयाचा. छातीच्या फोटोत सावली दिसली की सगळ्यांच्या मनात पहिला शब्द तोच यायचा. म्हणजे खरं कारण मागे पडायला दोन गोष्टी पुरेशा होत्या. एक, मधला वेळ. दुसरी, शेजारी आयतंच उभं असलेलं दुसरं कारण. हे दोन मुद्दे ध्यानात ठेवा. आपल्याकडे आजही दोन्ही हजर आहेत.

इथे मला माझ्या विषयात थोडं जाऊ द्या. ह्यूम नावाचा इंग्रजीत लिहिणारा स्कॉटिश तत्त्वज्ञ, त्यानं कारण आणि कार्य एकमेकांना लागून असतात असं सुरुवातीला धरलं. रोजच्या व्यवहारात आपणही तसंच धरतो. काल रात्री जे खाल्लं त्याला आज पोटदुखीचा दोष देतो. तीन महिन्यांपूर्वी खाल्लेल्याला कोण देईल? पण आपल्या मीमांसकांपुढे हीच अडचण फार जुनी होती. यज्ञ आज झाला, अग्नी विझला, राख झाली. फळ मात्र पुष्कळ काळानं मिळायचं आहे. मग मधल्या काळात त्या यज्ञाचं काय शिल्लक राहिलं, की ज्यातून फळ निघेल? त्यांनी उत्तर दिलं, 'अपूर्व'. कर्म संपलं तरी एक न दिसणारी शक्ती मागे राहते आणि ती वेळ आल्यावर फळ देते. यज्ञाचं फळ मिळतं की नाही हा वाद आज बाजूला ठेवू. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा प्रामाणिकपणा. मधे वेळ गेला तर त्या वेळात काहीतरी चालू असलं पाहिजे, रिकाम्या जागेवरून कार्य उडी मारून येत नाही, हे त्यांनी मान्य केलं.

वैद्यकानंही फुफ्फुसाच्या बाबतीत असंच केलं. उपचार आणि सूज यांच्यामधल्या काळाला त्यांनी सुप्तकाळ असं नाव दिलं. नाव दिलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. १९४० साली शील्ड्स वॉरेन आणि स्पेन्सर यांनी शवविच्छेदनातून ही फुफ्फुसं बारकाईनं पाहिली आणि आतल्या पेशींचं वर्णन केलं. १९५१ साली, कॉर्टिसोन नुकतंच हाती आलं होतं तेव्हा, कॉसग्रिफ आणि क्लिगरमन यांनी ते या सुजेवर वापरलं आणि काही रुग्णांना आराम पडला. म्हणजे औषध सापडलं, पण मधल्या काळात काय घडतं हे अंधारातच होतं.

त्यावर उजेड पडायला १९९५ साल उजाडावं लागलं. फिलिप रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या कामातून दाखवलं की सुप्तकाळ मुळी सुप्त नसतोच. किरण लागल्यापासून काही तासांतच पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडायला लागतात आणि ते थांबत नाहीत. आपल्या फुफ्फुसात हवेचे बारीक फुगे असतात, सुमारे ३० ते ५० कोटी. त्यांच्या आतून एक स्निग्ध थर असतो, तो फुग्याला चिकटू देत नाही. तो थर तयार करणाऱ्या पेशी आणि फुग्याभोवतीच्या केसासारख्या रक्तवाहिन्या, या दोघींना किरणांनी इजा होते. त्यातून निरोप जातात, सूज आणणाऱ्या पेशी जमतात, पुढे वण विणणाऱ्या पेशी जमतात. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. आत मात्र पहिल्या दिवसापासून काम चालू असतं. मीमांसकांनी न दिसणारं म्हटलं होतं, ते इथं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, एवढाच फरक.

आता हे सगळं आपल्या महाराष्ट्रात कसं आलं ते पाहू.

लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं परदेशात गेल्या. दुसऱ्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या न्यासानं मुंबईत परळला रुग्णालय उभारलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झालं. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. दवाखाना आणि अणुऊर्जा खातं, हे कोडं अनेकांना पडतं. पण होमी भाभांचा विचार सरळ होता. कर्करोगाच्या उपचारात किरणांचं काम वाढत जाणार, आणि किरणांचं शास्त्र ज्यांच्याकडे आहे त्यांच्या हाती हे रुग्णालय असावं. पुढं कोबाल्टची यंत्रं आली. भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'भाभाट्रॉन' हे देशी यंत्रसुद्धा बनवलं. एकेकाळी जो किरण परळला होता, तो हळूहळू जिल्ह्यांच्या गावापर्यंत आला.

याबरोबर दुसरी एक गोष्ट आली, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. ती म्हणजे नोंदवही. १९६३ साली मुंबईत देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ साली आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, ग्रामीण भागातली पहिली नोंदणी उभी राहिली. शहरात रुग्ण दवाखान्यात येतो आणि नोंद होते. खेड्यात तो येतच नाही. म्हणून बार्शीच्या माणसांनी गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, नोंदी केल्या. मला हे काम यंत्राइतकंच मोलाचं वाटतं. यंत्र एकदा काम करून थांबतं, मागे काय झालं ते वहीतच सापडतं.

पण यंत्र आणि आपलं गाव यांच्यामधलं अंतर कायम राहिलं. आपला माणूस मुंबईला जातो, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत किंवा कुणा नातेवाइकाकडे राहतो, उपचार घेतो आणि अडीचशे किलोमीटर परत येतो. किरण देणारा डॉक्टर तिकडे, खोकला येणार इकडे. तोही तीन महिन्यांनी. उपचार करणाऱ्याला परिणाम दिसत नाही आणि परिणाम पाहणाऱ्याला उपचार ठाऊक नसतो.

आता मोजमापाकडे येतो. पूर्वी डॉक्टरला एवढंच कळायचं की छातीवर किती किरण टाकला. सत्तरच्या दशकात सीटी स्कॅन आलं, पुढं संगणक आले आणि विचारता येऊ लागलं की फुफ्फुसाच्या किती भागाला किती किरण लागला. हे आपल्या भाषेत सांगतो. राहात्याला पेरूच्या बागा आहेत. एका झाडाला रोग पडला आणि तुम्ही फवारणी केली. औषध किती लिटर गेलं हा एक प्रश्न. शेजारची किती झाडं भिजली हा दुसरा प्रश्न. फुफ्फुसाच्या बाबतीत दुसरा प्रश्न जास्त मोलाचा निघाला.

किरण ग्रे या एककात मोजतात. १९९९ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या मेरी ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. निरोगी फुफ्फुसाच्या किती टक्के भागाला २० ग्रे किंवा जास्त किरण लागला, हे त्यांनी पाहिलं. तो भाग २२ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्रासदायक सूज कुणालाच आली नाही. २२ ते ३१ टक्के असेल तर ७ टक्के रुग्णांना आली. ३२ ते ४० असेल तर १३ टक्क्यांना. आणि ४० च्या वर गेला की ३६ टक्क्यांना. चढण कशी आहे पाहा. शेवटी एकदम कडा लागतो. २०१० साली जगभरचा अनुभव एकत्र करून सर्वसाधारण मर्यादा सुचवली गेली, की हा भाग ३० ते ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा. त्यानं धोका संपत नाही, साधारण पाचात एकाच्या आत राहतो. पुढे २०१३ साली ८३६ रुग्णांच्या माहितीचा एकत्र अभ्यास झाला. किरण आणि केमोथेरपी एकदम घेतलेल्या या रुग्णांत सुमारे ३० टक्क्यांना त्रास देणारी सूज आली आणि १.९ टक्के त्यात दगावले. पासष्टीच्या पुढचं वय आणि विशिष्ट केमो, या दोन्हींनी धोका वाढत होता.

मग माणसानं विचार केला, शेजारची झाडं भिजूच नयेत असं करता येईल का?

याची सुरुवात मेंदूपासून झाली. स्टॉकहोमचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली कल्पना मांडली, की अनेक दिशांनी बारीक किरण सोडायचे, ते सगळे एकाच बिंदूवर भेटतील. वाटेत प्रत्येक किरण दुबळा, भेटीच्या जागी मात्र सगळ्यांचं बळ एक. मेंदूला हे जमलं, कारण डोकं चौकटीत घट्ट धरता येतं. फुफ्फुस कसं धरणार? ते श्वासागणिक हलतं. खालच्या भागातली गाठ एका श्वासात सेंटिमीटर, कधी जास्तही, वरखाली होते. नव्वदच्या दशकात स्टॉकहोमलाच लॅक्स आणि ब्लोमग्रेन यांनी शरीरासाठी चौकट बनवली. पुढं श्वासाबरोबर हलणाऱ्या गाठीचं चित्रण करणारं सीटी आलं. मग सहा आठवडे रोज दोन-दोन ग्रे देण्याऐवजी तीन ते पाच बैठकांत मोठा डोस देणं शक्य झालं. ज्यांचं वय किंवा दम शस्त्रक्रियेला परवानगी देत नाही, त्यांना ही मोठी आशा होती. आणि ती खोटी ठरली नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या ५५ रुग्णांत, तीन वर्षांनी मूळ गाठ ताब्यात राहण्याचं प्रमाण ९७.६ टक्के होतं.

पण त्याआधी एक धडा मिळाला होता. २००६ साली रॉबर्ट टिमरमन यांनी इंडियानातल्या ७० रुग्णांचा अनुभव छापला. गाठ फुफ्फुसाच्या कडेला असेल तर दोन वर्षं गंभीर इजेशिवाय गेलेले ८३ टक्के होते. गाठ मध्यभागी, मोठ्या श्वासनलिकांजवळ असेल तर ५४ टक्केच. तेव्हापासून मुख्य नलिकांभोवतीची २ सेंटिमीटर जागा धोक्याची मानतात आणि तिथं डोस जास्त बैठकांत वाटून देतात. ज्यांनी हा उपचार पुढं आणला, त्यांनीच त्याची इजा छापून जगाला सांगितली, हे मला फार मोठं वाटतं.

आज या नेमक्या उपचारानंतर धोका किती? २०१६ साली ८८ अभ्यासांतल्या ७,७५२ रुग्णांची बेरीज केली गेली. औषध द्यावं लागेल अशी किंवा त्याहून जास्त इजा ९.१ टक्क्यांना, गंभीर इजा १.८ टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या नव्वदांना हा त्रास नाही, ही चांगली बातमी. वय जास्त, गाठ मोठी, भिजलेलं फुफ्फुस जास्त, तर धोका जास्त. आणि ज्यांच्या फुफ्फुसात आधीपासून वण धरण्याचा आजार आहे, त्यांचं गणितच वेगळं. २०२४ साली अशा ३९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. खबरदारी घेऊनही त्यातले तीन जण उपचाराच्या परिणामानं गेले. म्हणून आधी फुफ्फुसाची पूर्ण तपासणी करूनच निर्णय घ्यायचा असतो.

'नेमका' या शब्दाचा अर्थ 'निरुपद्रवी' असा नाही. नेमका म्हणजे इजा कमी जागेत. पण त्या कमी जागेत ती जोरदार असते, आणि पुढं तिथं गोल, गाठीसारखाच दिसणारा वण तयार होऊ शकतो. फोटोत तो पाहून घरचे हाय खातात, की गाठ परत आली. कधी उलटही होतं, परत आलेल्या गाठीला वण समजलं जातं. वर्षानंतरही ती सावली वाढतच असेल तर जास्त काळजी करायची, असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे. पण वाढते आहे हे कळायला आधीचा फोटो हातात लागतो ना! एकट्या फोटोला भूतकाळ नसतो.

आता घरची गोष्ट सांगतो.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी, गळीत हंगामात रात्रपाळ्या, आणि हातात विडी. वयाच्या शहात्तराव्या वर्षी उजव्या फुफ्फुसात खाली गाठ सापडली. दम इतका कमी होता की शस्त्रक्रियेला नाही म्हणाले. पाच बैठकांत नेमके किरण दिले. दादा चालत गेले, चालत आले. घरी येऊन म्हणाले, "शेक संपला. आता मी मोकळा." आम्ही पेढे वाटले.

अकराव्या आठवड्यात कोरडा खोकला सुरू झाला. इथल्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही आजार?" वहिनी म्हणाल्या, "गाठ होती, ती बरी झाली." शेक दिला होता हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी तो संपला होता. न्यूमोनिया म्हणून गोळ्या झाल्या. उतार नाही. दुसऱ्या गोळ्या झाल्या. फोटोत सावली आली. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी संशयावरून क्षयाची औषधं सुरू झाली. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. आपल्या भागात छातीत सावली दिसली तर क्षय आधी आठवणं हे चुकीचं शिक्षण नाही. त्यांच्यापुढे जे कारण ठेवलं गेलं, त्यातलंच त्यांनी निवडलं. खरं कारण आमच्या कपाटात होतं.

होय, कपाटात. मोठ्या रुग्णालयानं घरी सोडताना जी फाईल दिली होती, तिच्यात एक कागद होता. इंग्रजीत दोन ओळी होत्या. सहा महिन्यांत कोरडा खोकला किंवा धाप आली तर आम्हाला कळवा, आणि स्थानिक डॉक्टरांना हा कागद दाखवा. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. आयुष्यभर कांट वाचला, मुलांना वाचायला लावला. तो कागद मात्र वाचला नाही. सहा आठवड्यांनी पुतणीनं फाईल उघडली आणि फोन करून म्हणाली, "काका, हे तुम्ही पाहिलं होतं का?"

मग सीटी झालं. सावली बरोबर किरणांच्या जागी होती. पुन्हा थुंकी तपासून, क्षय नाही याची खात्री करून, स्टेरॉइड सुरू केलं. ते हळूहळू, अनेक आठवड्यांत कमी करायचं असतं. घाईनं बंद केलं तर सूज उलटते. खोकला थांबला, ताप गेला. पण तोवर बराच भाग वणात गेला होता. पुढची दोन वर्षं दादांनी घरात ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी काढली. ओट्यावर येऊन बसायचे तेव्हा लांब नळी मागे यायची. गाठ शेवटपर्यंत परत आली नाही. किरणांनी आपलं काम चोख केलं होतं. ते सहा आठवडे मिळाले असते तर वण कमी झाला असता का? कदाचित. खात्रीनं कुणी सांगू शकत नाही, आणि मीही स्वतःला तसं सांगत नाही. पण खात्री नाही म्हणून जबाबदारी संपत नाही.

मित्रहो, या गोष्टीतून 'किरण नको' असा अर्थ कुणी काढू नका, ही हात जोडून विनंती. दादांना ती दोन वर्षं किरणांमुळेच मिळाली. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका, हेही तितकंच खरं. अंगात क्षय दडलेला असेल तर त्या गोळ्या त्याला जागं करतात. म्हणून थुंकीची तपासणी आणि किरण देणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला, दोन्ही हवं.

मला सांगायचं आहे ते एवढंच. १९२२ पासून आजपर्यंत यंत्र शंभर पटींनी सुधारलं. हिशेब टक्क्यांपर्यंत आला. किरण मिलिमीटरपर्यंत नेमका झाला. पण मधला वेळ माणसाला कमी करता आला नाही. त्या वेळात आठवण ठेवायची जबाबदारी यंत्राची नाही, रुग्णालयाचीही एकट्याची नाही. ती घराची आहे. आठवण हा या उपचाराचाच भाग आहे, शेवटच्या बैठकीनंतरची बैठक म्हणा हवं तर.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणी छातीवर किरण घेतले असतील, तर एका साध्या कागदावर मराठीत लिहा : कोणत्या बाजूला दिले, किती बैठका झाल्या, शेवटची कोणत्या तारखेला, आणि कुठल्या डॉक्टरांनी दिले. त्यांचा फोन नंबर खाली. हा कागद कपाटात ठेवू नका. कॅलेंडरशेजारी खिळ्याला अडकवा. आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांत कसल्याही खोकल्यासाठी कुठल्याही दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा, "याला लाईट दिली होती." गाठ बरी झाली हे नंतर सांगा.

शहाणपण उशिरा आलं तर ते निदान दुसऱ्याच्या कामी यावं, म्हणून आज उभा राहिलो.